शिलाई मशीन दिलं. पुढे काय झालं?

गावपातळीवर काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. इतक्या गावांत इतके बचतगट, इतक्या महिलांना शिलाईचं प्रशिक्षण, इतक्या शेळ्यांचं वाटप, परसबागेसाठी बियाणांची इतकी पाकिटं आणि शेवटच्या पानावर फीत कापतानाचा फोटो. हे आकडे खोटे नसतात. प्रशिक्षणाला बाया आल्याच होत्या, हजेरीपटावर सह्या आहेत, चहा-नाश्त्याची बिलंही फाइलला लावलेली आहेत. पण मशीन घेऊन गेलेल्या बाईच्या घरी दीड वर्षानं गेलं, तर मशीनवर घरातल्या कपड्यांचा ढीग पडलेला असतो की शिवायला आलेल्या ब्लाउजांचा, हे त्या अहवालातून कळत नाही. संस्थेच्या सचिवांना विचारलं तर तेही म्हणतात, ‘चाललंय बऱ्याच जणींचं.’ बऱ्याच म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नाही.

अलीकडे देणगीदार हे विचारू लागले आहेत. मग संस्थेत धावपळ सुरू होते. कुठून तरी ऐंशी प्रश्नांचा फॉर्म मिळतो, चार टॅब घेतले जातात, कार्यकर्त्यांना रोज पंधरा घरांचं टार्गेट दिलं जातं. तीन महिन्यांनी ढीगभर डेटा जमतो, रंगीत गोल आलेख काढून तो रिपोर्टात चिकटवतात आणि काम आधी चालू होतं तसंच पुढे चालू राहतं. ही मोजणी करून काही उपयोग नाही. त्या वेळात चार घरी निवांत बसून आलो असतो तर जास्त कळलं असतं.

हा लेख अशा छोट्या संस्थांसाठी आहे, ज्यांच्याकडे पाच ते पंचवीस कार्यकर्ते आहेत, संशोधन विभाग नाही आणि संगणकावर बसणारी एकच व्यक्ती हिशेबही बघते. माझं म्हणणं एवढंच, की मोजणीचा पहिला वाचक देणगीदार नसून गावात जाणारी कार्यकर्ती असली पाहिजे. हातात आलेल्या आकड्यामुळे तिचं पुढच्या महिन्याचं काम बदलणार नसेल, तर तो आकडा गोळा करू नका.

हा आग्रह आला कुठून

अमेरिकेत १९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या वेळच्या कायद्यातून तिथे स्थानिक ‘कम्युनिटी ॲक्शन’ संस्था उभ्या राहिल्या. आजही तिथे अशा सुमारे हजार संस्था आहेत. त्यांच्या संचालक मंडळात किमान एक तृतीयांश जागा गरीब रहिवाशांनी लोकशाही पद्धतीनं निवडलेल्या प्रतिनिधींच्या असतात. आपल्या किती विश्वस्त मंडळांत हे आहे, याचा विचार वाचकांनी आपापला करावा. या संस्थांनी तीसेक वर्षं सेवा दिल्या आणि सेवाच मोजल्या. १९९३ साली तिथल्या संसदेनं सरकारी पैशाचा परिणाम दाखवण्याचा कायदा केला, तेव्हा पुढच्याच वर्षी ‘रोमा’ नावाची चौकट तयार झाली. १९९८ च्या कायद्यात ती आली आणि ऑक्टोबर २००१ पासून ती किंवा तिच्या तोडीची पद्धत प्रत्येक संस्थेला बंधनकारक झाली. म्हणजे ठरवणं आणि सगळ्यांनी वापरायला लागणं यांत सात वर्षं गेली. आपल्याकडे देणगीदार हेच सहा महिन्यांत मागतात.

आपल्याकडे दबाव आला तो मुख्यतः कंपन्यांच्या पैशातून. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ आपल्याला पाठ झालंय. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर, ज्या कंपनीची सामाजिक खर्चाची जबाबदारी आधीच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं स्वतंत्र यंत्रणेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. यातला शेवटचा भाग नीट वाचा. प्रकल्प संपल्यावर वर्षानं कुणी तरी येऊन विचारणार, ‘सुरुवातीला या कुटुंबांची स्थिती काय होती?’ त्या वेळी तुमच्याकडे सुरुवातीची नोंद नसेल, तर बाहेरचा माणूस लोकांच्या आठवणीवर विसंबून ती तयार करेल. स्वतःची नोंद आधीच असणं हा त्यावरचा स्वस्त विमा आहे.

उत्पन्न विचारू नका

परिणाम मोजायचा म्हटलं, की पहिला प्रश्न असतो ‘मासिक उत्पन्न किती?’ प्रश्न सोपा दिसतो, पण विचारण्याच्या सगळ्या प्रश्नांत तो सर्वांत वाईट आहे.

दुपारी ओट्यावर बसून कार्यकर्ती विचारते, ‘काकू, महिन्याचं उत्पन्न किती धरू?’

‘कसलं उत्पन्न, ताई? खाऊन-पिऊन बरं हाय म्हनायचं.’

‘तरी अंदाजे?’

‘लिहा काय लिहायचं ते.’

आणि ताई ८,००० लिहिते. पुढच्या घरीही साधारण तेच. दोघींचाही दोष नाही. रोजंदारीचं, अर्ध्या कोरडवाहू शेतीचं, कधी मिळणाऱ्या कधी न मिळणाऱ्या पैशाचं ‘मासिक’ असं काही नसतंच. शिवाय उत्पन्न सांगण्यात धोका आहे, हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. पिवळ्या रेशनकार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये आणि केशरीसाठी १ लाख. कागदावर खरा आकडा गेला आणि उद्या धान्य बंद झालं तर? वही घेऊन आलेली बाई संस्थेची आहे की तहसीलची, हा फरक ओट्यावर बसलेल्या माणसाला दिसत नाही.

अभ्यासकांनीही ही वाट फार पूर्वीच सोडली. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा त्यांचा गाजलेला अभ्यास पुस्तकरूपानं आणला. त्यात गरीब कोण हे त्यांनी खर्चावरून ठरवलं: माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्याला परवडतं, त्या कुटुंबाचा एकूण खर्च किती, त्यावरून. छोट्या संस्थेला खर्चाचं मोठं सर्वेक्षण झेपणार नाही, पण तत्त्व घेता येतं. आकडा मागण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा. मागच्या पावसाळ्यात घरचं धान्य संपल्यावर काय केलंत? शेवटचा दवाखान्याचा खर्च कुठून भागवला? घरात आता जनावरं किती, दोन वर्षांपूर्वी किती होती? कोणतं मूल सध्या शाळेत आहे? याची उत्तरं लोक सहज देतात, कारण ती आठवावी लागतात, हिशेबानं बनवावी लागत नाहीत. शिवाय शेजारणीला ती माहीत असतात, त्यामुळे पडताळणीही होते.

‘तुमचा आत्मविश्वास वाढला का?’ हाही प्रश्न टाका कचऱ्यात. संस्थेनं शेळी दिलेली बाई त्याला ‘नाही’ म्हणेल इतकी आपली माणसं उद्धट नाहीत. त्याऐवजी, ‘मागच्या वेळी बँकेत पैसे काढायला कोण गेलं होतं? काढलेले पैसे घरी आणून कुणाकडे दिले?’ असं विचारा.

मुकादमाची वही आणि पाच पायऱ्या

रोमाच्या चौकटीतली एक गोष्ट आपल्याकडे घेण्यासारखी आहे. कुटुंबाची स्थिती पाच पायऱ्यांवर मांडायची: संकटात, असुरक्षित, स्थिर, सुरक्षित, भरभराटीची. प्रत्येक पायरी कशावरून ओळखायची हे आधी लिहून ठेवायचं आणि ठरावीक काळानं तेच कुटुंब कुठे आहे ते पाहायचं. पायऱ्यांची वर्णनं मात्र आयात करून चालणार नाहीत. ती ज्या गावात काम आहे तिथल्याच बायांनी करायला हवीत. ‘आपल्या वाडीत कुणाचं बरं चाललंय, कुणाचं ओढगस्तीचं, आणि तुम्ही ते कशावरून ओळखता?’ एवढं विचारून गप्प बसलं, की तासाभरात पायऱ्या तयार होतात. उमेद अभियानात गरिबांची ओळख पटवताना गावकऱ्यांकडून क्रमवारी लावून घेतात, ती पद्धत अनेक कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिचाच वापर इथे करायचा.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं ऊसतोड कुटुंब घ्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, चार-पाच महिने कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या नाहीतर पालाच्या खोपीत राहायचं, गळीत हंगाम संपला की परत यायचं. इथल्या बायांनी पायऱ्या लावल्या तर त्या साधारण अशा निघतील. तळाला ते घर, जिथे मागच्या हंगामाची बाकी मुकादमाच्या वहीत अंगावर आहे, पुन्हा उचल घेतली आहे आणि पोरंही फडावर बरोबर आहेत. त्याच्या वर ते घर, जिथे उचल फिटते, पण परत येताना हातात काही नसतं आणि पोरं म्हातारीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. तिसऱ्या पायरीवर जोडी जाते, पण उचल लहान असते आणि परतल्यावर दोन-तीन महिन्यांचं भागेल एवढं उरतं. चौथीवर दोघांपैकी एकच जण जातो किंवा कुणीच जात नाही, शेळ्या, दूध, दुकान, गटाचं कर्ज यावर घर चालतं. पाचवीवर उचल घ्यायची गरजच संपलेली असते, मोठं पोर दहावीच्या पुढे शिकत असतं.

या मांडणीत ‘उत्पन्न’ हा शब्द एकदाही येत नाही, तरी कोण कुठे आहे हे स्वच्छ कळतं. आणि एक मोठी चूक टळते. दसऱ्याच्या सुमारास घरोघर उत्पन्नाचा सर्वे केला, तर उचलीचे पन्नास हजार, लाख रुपये घरात आलेले असतात. कुणी ते उत्पन्नात धरतं, कुणी धरत नाही. ज्याच्या डोक्यावर सगळ्यात मोठं कर्ज, तो त्या महिन्यात कागदावर सगळ्यात सुखी दिसू शकतो.

म्हणून वेळ ही प्रश्नाइतकीच महत्त्वाची. दिवाळीनंतर निम्मी वाडी कुलूपबंद. त्या काळात जे घरी सापडतात, तेच तुमच्या सर्वेत येतात, म्हणजे न जाणारी, जरा बऱ्या स्थितीतली घरं. ऊसतोडीच्या पट्ट्यात मोजणी गुढीपाडव्यानंतर, मंडळी परतल्यावर करा. मुकादमाचा हिशेब ताजा असतो, उचल फिटली की अंगावर राहिली ते लोक न विचारता सांगतात. कोकणात वेळ वेगळी, नंदुरबारहून गुजरातकडे जाणाऱ्यांची वेगळी. मार्च अखेरीच्या रिपोर्टासाठी मोजणीची वेळ बदलू नका. रिपोर्टात मागच्या मोजणीचा आकडा द्या आणि तारीख लिहा.

आता निकाल कसा वाचायचा ते. समजा ६० कुटुंबं निवडली. वर्षानं पाहिलं तर १८ किमान एक पायरी वर गेली, ११ खाली आली, ३१ तिथेच. अहवालात लिहायचा मोह होतो, की ‘निव्वळ ७ कुटुंबांची प्रगती’ किंवा नुसतंच ‘१८ कुटुंबं वर आली’. दोन्हींत त्या ११ घरांचं काय झालं ते दडपलं जातं, आणि संस्थेला शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे. ती ११ घरं घेऊन कार्यकर्त्यांची एक बैठक करा. त्यातल्या सहा घरांत दवाखाना आणि तीन घरांत मुलीचं लग्न निघालं, तर तुम्हाला आणखी शेळ्या वाटायच्या नाहीत. आरोग्य योजनेचं कार्ड निघालंय का, तालुक्याच्या गावी कोणतं रुग्णालय ते घेतं, लग्नासाठी गटात वेगळी बचत सुरू करता येईल का, यावर काम करायचंय. तेवढं काम दुसऱ्या दिवशी सुरू करता येतं.

हाताशी असलेली वही आधी वाचा

नवा फॉर्म छापण्याआधी बचतगटाच्या पेटीतली कागदपत्रं उघडा. उमेदचे गट असोत, माविमच्या सहयोगिनींनी बांधलेले असोत की संस्थेचे स्वतःचे, बैठकीच्या इतिवृत्तात कुणाला किती कर्ज दिलं आणि कशासाठी, हे लिहिलेलं असतं. गटाची प्रतवारी करताना आपण पंचसूत्री पाहतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख लेखे. त्यावरून गट कसा चाललाय ते कळतं, गटातल्या बाईचं कसं चाललंय ते कळत नाही. ‘अ’ श्रेणीच्या गटातली बाई त्याच आठवड्यात तीन मायक्रोफायनान्सवाल्यांचे हप्ते भरत असू शकते. किंबहुना गटाचा हप्ता चुकू नये म्हणूनच ती तिकडून उचलत असेल.

कर्जाच्या कारणाचा रकाना मात्र बोलका असतो. मागच्या दोन वर्षांची कर्जं घ्या आणि चार ढीग करा: दवाखाना व घरखर्च, सावकाराचं, मुकादमाचं किंवा दुसऱ्या कर्जाचं फेडायला, लग्नकार्य, आणि धंदा, शेती, जनावर. दर सहा महिन्यांना प्रत्येक ढिगात किती रक्कम गेली ते मांडा. खर्च शून्य आणि एका कार्यकर्तीचा एक दिवस. सावकाराच्या ढिगातली रक्कम सुरुवातीला वाढते, कारण बाया महागडी कर्जं गटाच्या स्वस्त पैशानं फेडून टाकतात, आणि मग कमी होऊ लागते. ही चढण पाहून घाबरू नका.

दोन सावधगिऱ्या. एक, कागदावर ‘शेळीसाठी’ लिहून पैसे दवाखान्यात जातात, कारण उत्पादक कामासाठी कर्ज घ्यावं असं आपणच प्रशिक्षणात सांगत असतो. म्हणून प्रत्येक गटातल्या दोन-तीन जणींशी बोलून रकाना तपासा, आणि बोलताना आवाज चौकशीचा नको. दोन, दवाखान्यासाठी घेतलेलं कर्ज म्हणजे अपयश असं समजू नका. ‘गट नसता तर हे पैसे कुठून आणले असते?’ असं विचारा. ‘शेकड्याला दरमहा पाच’ हे उत्तर आलं तर तुमच्या गटानं त्या घराचं काय वाचवलं, हे कुठलाही सर्वे सांगणार नाही इतकं स्पष्ट होतं.

असाच दुसरा तयार कागद शाळेचा हजेरीपट. स्थलांतर थांबवण्याचं किंवा मुलांना गावात ठेवण्याचं काम असेल, तर नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतली त्या मुलांची हजेरी हाच परिणाम. ‘पटावर नाव आहे’ हा परिणाम नव्हे. नाव वर्षभर पटावर असतं आणि पोर खोपीत असतं. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, नावांची नोंद बाहेर नेऊ नका, फक्त दिवस मोजून आणा.

श्रेय घेताना हात आखडता

कुटुंब वर गेलं ते तुमच्यामुळे का? हा प्रश्न देणगीदारानं विचारण्याआधी स्वतःला विचारलेला बरा. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना महिन्याला १,५०० रुपये ठरले. वर्षाचे १८ हजार. ज्या घरात वर्षाकाठी हातात रोख फार थोडी येते, त्या घरात संस्थेनं काहीही न करता हा बदल दिसणार. पाऊस बरा झाला, कापसाला भाव आला, कारखाना लवकर बंद झाला, या सगळ्यांचे परिणाम तुमच्या पायऱ्यांवर उमटणार.

मोठ्या संशोधकांनी यासाठी तुलनेची पद्धत वापरली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या १०४ वस्त्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज आधी सुरू होऊ दिलं आणि नंतर दोन्हीकडची घरं तपासली. काही जणींचे धंदे वाढले, पण घराच्या सरासरी एकूण खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सूक्ष्मकर्जाच्या यशोगाथा सांगत फिरणाऱ्यांना हे पचायला जड गेलं. चिठ्ठ्या टाकून गावं निवडणं तुम्हाला जमणार नाही आणि बहुतेकदा गरजही नाही. पण पुढच्या वर्षी ज्या दोन गावांत काम सुरू करायचं ठरलंच आहे, तिथे आजच वीस घरांच्या पायऱ्या नोंदवून ठेवा. वर्षभरानं तिथेही लोक तितकेच वर गेले असतील, तर श्रेय पावसाचं किंवा लाडक्या बहिणीचं. एवढी तुलना असली तरी अहवालात ‘आमच्यामुळे’ ऐवजी ‘आमच्या गावांत अमुक, काम नसलेल्या गावांत तमुक’ असं लिहिता येतं, आणि ते वाचणाऱ्याला जास्त पटतं.

याहून जास्त खोलात जायचं असेल तर समाजकार्य महाविद्यालयांकडे जा. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. महागड्या सल्लागारापेक्षा एक चांगला प्राध्यापक आणि दोन मेहनती विद्यार्थी बरे.

कोण विचारणार, किती घरं, कागद कुठे ठेवणार

ज्या कार्यकर्तीनं मशीन दिलं तिनंच जाऊन ‘मशीन चालतं का’ विचारलं, तर ते चालतंच. तिला दुसऱ्या प्रभागात पाठवा आणि तिथलीला इकडे आणा. परक्या ताईशी लोक मोकळं बोलतात, आणि कार्यकर्त्यांनाही दुसऱ्याचं काम कसं चालतं ते दिसतं. त्यातून जे शिकणं होतं ते कुठल्याही प्रशिक्षणातून होत नाही.

हजार घरं असतील तर हजार घरी जायचं कारण नाही. यादी घ्या, डोळे मिटून सुरुवातीचं एक नाव निवडा आणि तिथून दर पंधरावं घर घ्या. साठ-सत्तर घरं पुरतात, मात्र दर वर्षी तीच. या यादीतून कुणी गट सोडला, गाव सोडलं तरी ते घर गळू देऊ नका. गट सोडून गेलेली बाई सापडायला कठीण असते, पण काम कुठे कमी पडतंय हे तिच्याइतकं कुणीच सांगू शकत नाही. टिकलेल्यांचीच मोजणी करत राहिलं, की संस्था दर वर्षी आपोआप यशस्वी होत जाते.

कार्यकर्त्यांचं मानधन किंवा बढती या आकड्यांना जोडू नका. जोडलं की आकडे सुधारतील आणि घरं तिथेच राहतील. पायरी खाली गेल्याची नोंद आणणाऱ्या ताईला बैठकीत उभं करून जाब विचारला, तर ती पुढच्या वेळी तशी नोंद आणणार नाही, आणि इतर जणींनाही योग्य तो धडा मिळेल.

साधनं साधीच ठेवा. एक्सेलची एक शीट पुरते. मोबाइलवर भरायचंच असेल तर कोबो टूलबॉक्ससारखं साधन नेटवर्क नसतानाही चालतं. आधारकार्डाची झेरॉक्स घेऊ नका, आधार क्रमांक लिहू नका, परिणाम मोजायला त्याची गरजच नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती कशासाठी घेतोय हे सांगून संमती घ्यायची जबाबदारी टाकली आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. कुणाच्या अंगावर मुकादमाचे किती पैसे आहेत हे गावात फुटलं, तर त्या घराला तोंड दाखवायला जागा उरत नाही. नाव एका वहीत, उत्तरं दुसरीकडे, दोन्हींना जोडणारा क्रमांक एकाच जबाबदार व्यक्तीपाशी.

देणगीदाराला प्रस्ताव देतानाच मोजणीचा खर्च वेगळ्या ओळीत मागा: कार्यकर्त्यांचे दिवस, प्रवास, छपाई. मागितलं नाही तर ते रात्री नऊ वाजता घरी बसून, मुलाच्या अभ्यासाशेजारी, अंदाजानं भरलं जातं. आणि वाईट निकाल लपवू नका. ‘साठपैकी अकरा घरं खाली आली, सहांत कारण आजारपण होतं, म्हणून पुढच्या वर्षी शेळ्यांच्या रकमेतला काही भाग आरोग्य मदतकेंद्राकडे वळवायचा आहे’ असं पत्र कंपनीच्या अधिकाऱ्याला पाठवा. चांगला अधिकारी ते मान्य करतो, कारण त्यालाही वर काही तरी खरं सांगायचं असतं. मान्य न करणारेही भेटतील. त्यांच्याकडून पुढच्या वर्षी पैसे घ्यायचे का, हा प्रश्न विश्वस्तांपुढे ठेवा.

पहिल्या वर्षाचा क्रम असा धरता येईल. आधी एका गावात बायांबरोबर बसून पायऱ्या लावा आणि दुसऱ्या गावात त्या लागू पडतात का बघा. मग पाच घरांत प्रश्न विचारून पाहा. जे प्रश्न दोनदा समजावून सांगावे लागले ते काढून टाका. दहाच्या वर प्रश्न ठेवू नका. तुमच्या भागात माणसं गावी असतात तो महिना ठरवून सगळी निवडलेली घरं दोन आठवड्यांत उरका आणि त्याच महिन्याच्या बैठकीत सगळ्या कार्यकर्त्यांनी मिळून निकाल वाचा, रिपोर्ट नंतर. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात त्याच घरी जा. प्रश्नांची भाषा बदलावीशी वाटेलच, कारण वर्षभरात आपण शहाणे झालेले असतो. तरी जुना प्रश्न आहे तसाच ठेवा आणि सुधारलेला त्याच्या खाली वेगळ्या क्रमांकानं जोडा.